होस्टिंग कुणाकडून घ्यावं? पहिल्यांदाच निवडणाऱ्यांसाठी

वेबसाइट बांधून होत आली की ती ठेवायची कुठे, हा प्रश्न बहुतेकांना अगदी शेवटच्या आठवड्यात पडतो. मग घाईघाईने दोन-चार कंपन्यांची पानं उघडली जातात. प्रत्येक पानावर तीन रकाने, मधला रकाना ठळक रंगात, त्यावर ‘सर्वाधिक लोकप्रिय’ अशी पट्टी. दहा मिनिटांत निर्णय होतो आणि पुढची तीन-चार वर्षं त्याच्यासोबत काढावी लागतात. साइट रडतखडत चालते, मेल स्पॅममध्ये जातात, आणि सोडून जायचं म्हटलं तर कुठला पासवर्ड कुणाकडे आहे तेच कळत नाही.

लहान संस्था आणि छोट्या व्यवसायांच्या साइट सांभाळण्याचं काम मी करतो. या कामात एक कसोटी मला सगळ्यात उपयोगी पडली आहे. सगळं सुरळीत असताना सगळेच पुरवठादार चांगले वाटतात, म्हणून निवड करताना वाईट दिवस डोळ्यांसमोर ठेवायचा. साइट बंद पडली तर काय, डेटा गेला तर काय, आणि मलाच निघून जायचं असेल तर काय? या तीन प्रश्नांची उत्तरं पैसे भरण्याआधी मिळवायची. खालच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी १ : आपली गरज लिहून काढा

कंपन्यांची पानं उघडण्याआधी एक कागद घ्या. साइटवर फक्त माहितीची पानं आहेत, की लोक लॉगिन करून काही करणार आहेत, की खरेदी-विक्री होणार आहे? भेट देणारे मुख्यतः कुठल्या भागातून येतील? साइट तासभर बंद राहिली तर नेमकं काय बिघडेल? दिवसभर राहिली तर?

आणि सगळ्यात निर्णायक प्रश्न: मध्यरात्री सर्व्हर पडला तर उठणार कोण? याचं उत्तर ‘कुणीच नाही’ असं असेल तर तसं प्रामाणिकपणे लिहा. त्यात काही कमीपणा नाही, पण त्या एका उत्तरामुळे निम्मे पर्याय आपोआप गळतात.

पायरी २ : प्रकार ठरवा

शेअर्ड होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर शेकडो साइट असतात. इमारतीच्या एकाच टाकीवर सगळ्या घरांचं पाणी चालावं तसं हे आहे. कुणीतरी नळ सोडून ठेवला की तुमच्याकडे धार बारीक होते. तरीही माहितीची पानं, ब्लॉग, छोट्या संस्थेची साइट यांना ते पुरतं.

व्हीपीएस म्हणजे एका मोठ्या यंत्राचा तुमच्यासाठी राखून ठेवलेला हिस्सा. इथे नवखे लोक हमखास फसतात. स्वस्त दिसणारे व्हीपीएस बहुधा ‘अनमॅनेज्ड’ असतात, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचे सुरक्षा अपडेट, फायरवॉल, डेटाबेसची (साइटच्या नोंदींच्या साठ्याची) देखभाल सगळं तुमच्या गळ्यात. मघाच्या कागदावर ‘उठणारं कुणी नाही’ असं लिहिलं असेल तर तिकडे जाऊ नका. मॅनेज्ड सेवा घ्या, जास्त पैसे पडले तरी. क्लाउडवर, म्हणजे अनेक यंत्रांतून लागेल तेवढा हिस्सा भाड्याने मिळतो तिथे, भार वाढला तर जागा आणि ताकद वाढवता येते, पण बिल वापरावर येतं. त्यामुळे पहिल्याच दिवशी खर्चाचा इशारा लावून ठेवायचा.

कधीकधी होस्टिंगची गरजच नसते. तुम्हाला हवी असते नोंदणीची, हिशेबाची किंवा ग्राहकांच्या नोंदी ठेवण्याची तयार सोय. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अशा सेवा देणाऱ्यांना ‘अ‍ॅप्लिकेशन सर्व्हिस प्रोव्हायडर’ म्हणत. १९९९ साली सुरू झालेल्या सेल्सफोर्ससारख्या कंपन्यांनी हा प्रकार रुजवला आणि आज तो ‘सास’ (सॉफ्टवेअर अ‍ॅज अ सर्व्हिस) म्हणून ओळखला जातो. तयार सेवेने काम भागत असेल तर स्वतःचा सर्व्हर आणि स्वतःचं सॉफ्टवेअर सांभाळण्याचा हट्ट धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र त्या सेवा पारखायची पद्धत थोडी वेगळी आहे. ती पायरी ७ मध्ये सांगतो.

पायरी ३ : डोमेन स्वतःच्या नावावर आणि वेगळं

डोमेन म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता. होस्टिंगसोबत ‘डोमेन फुकट’ ही सवलत फार ठिकाणी दिसते. ती घेऊ नका. डोमेन आणि होस्टिंग दोन वेगळ्या कंपन्यांकडे असलं की होस्टिंगवाल्याशी वाजलं तरी तुम्ही डोमेनची दिशा बदलून दुसरीकडे जाऊ शकता. दोन्ही एकाच खात्यात असतील आणि बिलाच्या वादात ते खातंच गोठलं, तर साइट जाते, मेल जाते आणि पत्ताही अडकतो. नवीन डोमेन घेतलं किंवा एका रजिस्ट्रारकडून (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडून) दुसरीकडे नेलं, तर डॉट कॉमसारख्या डोमेनना साधारण ६० दिवस पुन्हा हलवता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

साइट बांधून देणारा माणूस ‘मीच घेतो डोमेन’ म्हणाला तर नम्रपणे नको म्हणा. नोंदणी तुमच्या किंवा संस्थेच्या नावावर हवी, आणि नोंदणीचा ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा. डोमेनची मुदत संपली की त्यावरचा मेल बंद पडतो, आणि मुदत संपल्याची सूचना नेमकी त्याच बंद पडलेल्या मेलवर येत राहते.

पायरी ४ : जाहिरातीतले आकडे उलगडून वाचा

पहिला आकडा अपटाइमचा, म्हणजे साइट किती वेळ चालू राहील याचा. ९९.९ टक्के ऐकायला जवळजवळ पूर्ण वाटतं. हिशेब केला तर ३० दिवसांच्या महिन्यात सुमारे ४३ मिनिटं आणि वर्षात पावणेनऊ तास साइट बंद राहिली तरी कंपनीने शब्द पाळला असंच ठरतं. ९९ टक्के म्हटलं तर महिन्याला सात तासांहून जास्त. ९९.९९ म्हटलं तर वर्षाला साधारण ५२ मिनिटं. या फरकाला खरा अर्थ आहे, पण त्याहून मोलाचं आहे ते करारातलं बारीक अक्षर.

करारात चार गोष्टी शोधा. ‘नियोजित देखभाल’ या हिशेबात धरली आहे की वगळली आहे? बंद असल्याचं मोजमाप कोण करणार, तुमचं निरीक्षण चालेल की फक्त त्यांचं? भरपाई आपोआप मिळते की ठरावीक दिवसांत मागावी लागते? आणि भरपाई म्हणजे काय? जवळपास सगळीकडे भरपाई म्हणजे पुढच्या बिलातली थोडी सूट. ऐन विक्रीच्या दिवशी पाच तास दुकान बंद राहिलं तरी हातात येते ती मासिक शुल्काची काही टक्के रक्कम. बुडालेल्या धंद्याची भरपाई कुणी देत नाही. म्हणून करारातला आकडा कितीही सुंदर असला तरी कंपनीच्या मागच्या वर्षभराच्या घटनांची नोंद वाचा. बऱ्याच कंपन्या स्थितीचं पान, म्हणजे कुठली सेवा चालू आहे आणि कुठली बंद हे दाखवणारं पान, उघडं ठेवतात. त्यात बिघाडाची वेळ, कारण आणि नंतर केलेला उपाय लिहिलेला असेल तर ती कंपनी माझ्या लेखी वर चढते. वर्षभर सगळे दिवे हिरवेच असतील तर मला शंका येते.

शंकेला आधारही आहे. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अ‍ॅमेझॉनच्या साठवण सेवेत एक आज्ञा चुकीची टाइप झाली, ठरल्यापेक्षा जास्त सर्व्हर काढले गेले आणि कित्येक साइट काही तास कोलमडल्या. त्या वेळी स्थितीचं पान त्याच सेवेवर अवलंबून होतं, त्यामुळे बिघाड दाखवणारे दिवे काही काळ बदलताच आले नाहीत. त्या कंपनीने कारण नंतर जाहीरपणे सविस्तर सांगितलं, ही जमेची बाजू. आपल्यासाठी बोध एवढाच, की साइट चालू आहे की नाही हे तपासणारी एक स्वतंत्र, बाहेरची सेवा आपली आपण लावायची. साध्या गरजेपुरत्या त्या मोफतही मिळतात.

दुसरा शब्द ‘अमर्याद’. जागा अमर्याद, वापर अमर्याद, मेलबॉक्स अमर्याद. असं काही नसतं. वापराच्या अटींचं पान उघडा आणि ‘आयनोड’ शोधा. आयनोड म्हणजे ढोबळमानाने फाइलींची संख्या. प्रत्येक छोटं चित्र, कॅशमधली (पान लवकर दाखवण्यासाठी साठवलेल्या तयार प्रतींमधली) प्रत्येक फाइल आणि बहुतेक ठिकाणी प्रत्येक मेलसुद्धा त्यात मोजला जातो. डिस्क रिकामी दिसते, तरी नवीन फोटो चढत नाही, याचं कारण बऱ्याचदा हे असतं. शिवाय प्रोसेसर, मेमरी आणि एका वेळी चालणाऱ्या प्रक्रिया यांच्या मर्यादा असतात. त्या ओलांडल्या की भेट देणाऱ्याला काही ठिकाणी ‘५०८’ क्रमांकाची चूक दिसते. हे आकडे कंपनीने उघड लिहिले असतील तर उत्तम. नसतील तर विचारा. मागूनही मिळत नसतील तर पुढे चला.

तिसरा आकडा किमतीचा. मोठ्या अक्षरातला दर पहिल्या मुदतीपुरता असतो. नूतनीकरणाचा दर खाली बारीक अक्षरात, आणि तो कितीतरी पट असू शकतो. तीन वर्षांचे पैसे एकदम भरले की सूट मिळते, पण बाहेर पडायची ताकदही जाते. पहिल्यांदा घेत असाल तर महिन्यावारी घ्या, फार तर वर्षाची. नियंत्रण पॅनेलचा, म्हणजे होस्टिंग खातं ज्या पानावरून सांभाळतात त्या सॉफ्टवेअरचा, परवाना वेगळा आकारतात का तेही पाहा. २०१९ मध्ये सीपॅनेल या अशाच सॉफ्टवेअरच्या कंपनीने खात्यांच्या संख्येवर दर लावायला सुरुवात केली तेव्हा अनेक होस्टिंगवाल्यांनी तो भार ग्राहकांवर टाकला होता. एसएसएल प्रमाणपत्राचे (साइट आणि वाचक यांच्यातली देवाणघेवाण सुरक्षित करणाऱ्या प्रमाणपत्राचे) वेगळे पैसे मागत असतील तर कारण विचारा. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेमुळे साधं प्रमाणपत्र २०१५ पासून मोफत मिळतं आणि आपोआप नवं होतं.

आणखी एक चटकन होणारी तपासणी. साइट पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेवर चालणार असेल तर कुठल्या आवृत्त्या मिळतात ते पाहा. ७.४ या आवृत्तीचा अधिकृत आधार नोव्हेंबर २०२२ मध्येच संपला. त्याच्या पुढचं काही देत नसतील तर त्या सर्व्हरची बाकी निगाही तशीच असणार.

पायरी ५ : सपोर्ट पैसे भरण्याआधी पारखा

विक्री विभाग लगेच उत्तर देतो, त्यावर जाऊ नका. तांत्रिक प्रश्न पाठवा, आणि तो अशा वेळी पाठवा जेव्हा तुम्हाला खरोखर मदत लागेल: रात्री उशिरा किंवा सुट्टीच्या दिवशी. मी साधारण असा मजकूर पाठवतो:

‘आमची साइट वर्डप्रेसवर आहे. तुमच्या बॅकअपमधून फक्त डेटाबेस किंवा फक्त एक फोल्डर परत घ्यायचं असेल तर ते पॅनेलमधून आम्हीच करू शकतो का? किती दिवस मागचं मिळतं? बॅकअप मूळ सर्व्हरच्याच इमारतीत असतो का? सेवा सोडल्यावर आमचा डेटा किती दिवस ठेवता?’

उत्तर दोन तऱ्हांचं येतं. एक असं: ‘आमच्याकडे रोज बॅकअप होतो, निश्चिंत राहा. आमची सर्वोत्तम योजना इथे पाहा.’ चार प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर त्यात नाही. दुसरं असं: ‘फोल्डर आणि डेटाबेस वेगवेगळे परत घेता येतात. एकच टेबल मात्र काढता येत नाही, पूर्ण डेटाबेस उतरवून तुम्हाला ते वेगळं करावं लागेल. मागचे १४ दिवस मिळतात. प्रत दुसऱ्या शहरात असते. खातं बंद झाल्यावर ३० दिवसांनी सगळं पुसतो.’ या दुसऱ्या उत्तरात एक स्पष्ट नकार आहे, आणि मला तो नकारच भरवशाचा वाटतो. काय जमत नाही हे आधी सांगणारी कंपनी बिघाडाच्या दिवशीही खरं बोलण्याची शक्यता जास्त. त्या कंपनीचा वेग थोडा कमी असला तरी मी तिचीच शिफारस करेन.

पायरी ६ : बॅकअपची जबाबदारी आपल्याकडे घ्या

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. ‘होस्टिंगवाला बॅकअप घेतो’ या वाक्यावर विसंबून राहिलेल्यांची अवस्था फार वाईट होते.

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएचक्लाउड या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक इमारत पूर्ण जळाली, शेजारच्या इमारतीचंही नुकसान झालं. काही ग्राहकांच्या प्रती त्याच आवारात होत्या आणि मूळ डेटाबरोबर त्याही गेल्या. म्हणून पायरी ५ मधला इमारतीचा प्रश्न.

त्याआधी, ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीमध्ये रात्री उशिरा बिघाड निस्तरताना एका अभियंत्याच्या हातून चुकीच्या, म्हणजे मुख्य सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला. बॅकअपचे अनेक मार्ग होते. पाहायला गेले तर रोज निघणारी डेटाबेसची प्रत सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या न जुळल्यामुळे निघतच नव्हती, आणि ती अयशस्वी झाल्याचे मेल पोहोचत नव्हते. योगायोगाने सहा तास आधी घेतलेली एक प्रत हाताशी होती म्हणून निभावलं. एवढ्या जाणत्या लोकांच्या बाबतीत हे घडतं, तर आपण बॅकअप तपासून न पाहता झोपणं बरोबर नाही.

आणि २०१४ साली कोड स्पेसेस नावाच्या कंपनीच्या क्लाउड खात्यात कुणीतरी शिरलं आणि डेटाबरोबर त्याच खात्यातले बॅकअपही पुसून टाकले. कंपनीला गाशा गुंडाळावा लागला.

तेव्हा करायचं असं. एक प्रत होस्टिंगवाल्याकडे राहू द्या. दुसरी प्रत दुसऱ्याच कंपनीच्या साठवण सेवेत, वेगळ्या खात्यात, वेगळ्या पासवर्डने. दोन्ही खात्यांना दुहेरी पडताळणी लावा. साइट रोज बदलत असेल तर प्रत रोज, नाहीतर आठवड्याला.

मग दर तीन महिन्यांनी तालीम. शेवटची प्रत उतरवा आणि आधी तिचा आकार पाहा. डेटाबेसची फाइल काहीशे मेगाबाइटची असायला हवी आणि ती दोन किलोबाइटची दिसली, तर आत डेटाऐवजी चुकीचा संदेश लिहिलेला असतो. आकार ठीक असेल तर आपल्या संगणकावर किंवा एखाद्या रिकाम्या खात्यात साइट उभी करा. मुखपृष्ठ उघडलं म्हणून थांबू नका, ते कॅशमधूनही येऊ शकतं. प्रशासक म्हणून लॉगिन करा. सगळ्यात ताजी नोंद किंवा ऑर्डर शोधा आणि तिची तारीख पाहा. जुन्या लेखातली चित्रं दिसतात का पाहा. फाइलींचं फोल्डर सुटून फक्त डेटाबेस आलेला असतो, असं फार वेळा होतं. किती वेळ लागला ते लिहून ठेवा. खरा बिघाड झाला तर साइट परत उभी राहायला निदान तेवढा वेळ लागणार.

पायरी ७ : तयार सेवा घेत असाल तर

इथे सर्व्हर तुमच्या हातात नसतो, त्यामुळे सगळा भर डेटा बाहेर काढता येण्यावर. चाचणीच्या मुदतीत दहा-वीस खोट्या नोंदी भरा, त्यांना फाइली जोडा आणि ‘एक्सपोर्ट’चं बटण दाबा. सीएसव्ही (कुठल्याही तक्त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी साधी फाइल) आली का? जोडलेल्या फाइली आल्या का? कुठली फाइल कुठल्या नोंदीची ते कळतंय का? फक्त पीडीएफ मिळत असेल तर त्या सेवेत मोलाचं काही ठेवू नका.

२०१३ च्या सप्टेंबरमध्ये निर्वाणिक्स या साठवण सेवेने ग्राहकांना डेटा हलवायला सुरुवातीला दोनच आठवड्यांची मुदत दिली होती. तेव्हा सेवा बंद करायची झाली तर किती दिवस आधी कळवणार, हे करारात हवं. लोकांची खाजगी माहिती ठेवणार असाल तर ती कुठल्या देशात राहते आणि तिच्यावर प्रक्रिया करण्याबद्दलचा लेखी करार मिळतो का, हेही पाहा. युरोपातल्या लोकांच्या माहितीसाठी २५ मे २०१८ पासून लागू झालेला जीडीपीआर हा खाजगी माहितीविषयीचा कायदा असा करार मागतोच.

पायरी ८ : अंतर आणि मेल

प्रकाश काचेच्या तंतूतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सर्व्हर दहा हजार किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन किमान १०० मिलिसेकंद लागणारच, आणि एक पान उघडायला अशा कित्येक फेऱ्या होतात. म्हणून सर्व्हर वाचकांच्या जवळ घ्या. वाचक विखुरलेले असतील तर सीडीएन, म्हणजे साइटच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा, लावा.

मेल शक्यतो होस्टिंगवर ठेवूच नका, वेगळी मेलसेवा घ्या. शेअर्ड सर्व्हरवर शेजाऱ्याने स्पॅम पाठवला तर त्या सर्व्हरचा, म्हणजे सगळ्यांचाच, पत्ता काळ्या यादीत जातो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी (मेल खरोखर त्याच डोमेनवरून आला हे पटवणाऱ्या) सक्तीच्या केल्या आहेत. तुमचे मेल थोडे असले तरी त्या नोंदी लावून घ्या.

पायरी ९ : चाचणी घ्या, मग हलवा

कागदावर दोन नावं उरली की दोन्हीकडे महिनाभराचं छोटं खातं काढा. साइटची प्रत दोन्हीकडे चढवा आणि बाहेरचं निरीक्षण लावून सोडून द्या. दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी प्रतिसाद किती लागतो, याचा आलेख आठवड्याभरात पुरेसं सांगतो.

आधीची साइट चालू असेल तर हलवण्याच्या दोन दिवस आधी डोमेनच्या नोंदींचा टीटीएल, म्हणजे इतर सर्व्हर तुमचा जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवतात तो आकडा, ३०० सेकंदांवर आणा. म्हणजे पत्ता बदलल्यावर जगभरातल्या बहुतेक सर्व्हरना तो पाच-दहा मिनिटांत कळतो, आणि गडबड झाली तर मागेही तितक्याच लवकर येता येतं. नव्या सर्व्हरवरची साइट आधी आपल्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये (कुठलं नाव कुठल्या सर्व्हरवर न्यायचं हे फक्त त्या संगणकापुरतं ठरवणाऱ्या फाइलमध्ये) पत्ता लिहून एकट्याने तपासा. फॉर्म भरून पाहा, मेल जातो का पाहा, पैसे भरण्याचा मार्ग असेल तर तोही. वर्दळ कमी असेल अशी वेळ निवडा, जुन्या साइटवर नव्या नोंदी घेणं थांबवा, डेटाबेसची ताजी प्रत हलवा आणि मगच पत्ता बदला. मेलच्या एमएक्स नोंदी (मेल कुठल्या सर्व्हरवर पोहोचवायचा हे सांगणाऱ्या) नव्या ठिकाणी आल्या आहेत का, हे दोनदा पाहा.

जुनं खातं किमान महिनाभर चालू ठेवा आणि त्याचे लॉग (सर्व्हरवर कोण काय मागायला आलं याच्या नोंदी) अधूनमधून उघडा. एखादा जुना दुवा, एखादं मोबाइल अ‍ॅप किंवा विसरलेलं उपडोमेन अजून तिकडेच जात असेल तर ते तिथे दिसतं. लॉग शांत झाला की राहिलेले मेल उतरवून घ्या, शेवटची प्रत काढा, कार्डवरचं आपोआप नूतनीकरण बंद करा आणि मगच खातं बंद करण्याची लेखी विनंती पाठवा.